लीग-१, हंगाम २०२०-२१: २६ सामने जिंकूनही पीएसजी दुसरे कसे आले?

मधली फळी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

फ्रान्समधील लीग-१ या अव्वल फुटबॉल स्पर्धेच्या २०२०-२१ च्या हंगामाविषयी एक शंका विचारायची आहे. तो हंगाम लिलने जिंकला, पॅरिस सेंट-जर्मेन, म्हणजे पीएसजी, दुसरे आले, मोनॅको तिसरे आणि लिआँ चौथे, हे येथे वावरणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहेच. लिलचे गुण ८३ आणि पीएसजीचे ८२. गुणतालिकेतील बाकीचे रकाने मात्र मला उलटेच काही सांगताना दिसतात. पीएसजीने ३८ पैकी २६ सामने जिंकले, लिलने २४. पीएसजीने ८६ गोल केले, लिलने ६४. पहिल्या चार संघांत सर्वांत कमी गोल विजेत्यांचेच आहेत. गोलफरकातही (केलेले गोल वजा स्वीकारलेले गोल) पीएसजी ५८ वर आणि लिल ४१ वर. सर्वाधिक गोल करणारा किलियन एम्बापेही पीएसजीचाच होता आणि त्याचे २७ गोल होते.

लिलच्या ११ बरोबऱ्या आणि अवघे तीन पराभव, तर पीएसजीचे तब्बल आठ पराभव, एवढ्यावरून बेरीज जुळते, हे मला समजते. माझा प्रश्न बेरजेपलीकडचा आहे. माझ्या परिचयातील फुटबॉलप्रेमींचे मत असे की हे जेतेपद लिलने मिळवले नसून पीएसजीने ते घालवले. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना २३ ऑगस्ट २०२० रोजी खेळून, तो जर्मनीच्या बायर्नकडून हरून, दमलेल्या अवस्थेत त्यांनी हंगाम सुरू केला, मध्येच प्रशिक्षक बदलला, आणि शेवटी युरोपातील सामन्यांच्या ओझ्याखाली त्यांचा दम तुटला, असा हा युक्तिवाद आहे. तो कितपत खरा मानावा? ज्यांनी तो हंगाम बारकाईने पाहिला असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गोलफरक

आपण ज्याला बेरजेपलीकडचा प्रश्न म्हणता, त्याचे निम्मे उत्तर बेरजेतच आहे. फक्त ती बेरीज दोन भागांत मांडावी लागते.

पहिल्या चार संघांचे एकमेकांशी झालेले सामने बाजूला काढा. प्रत्येक संघाच्या वाट्याला असे सहा सामने येतात, म्हणजे जास्तीत जास्त १८ गुण. लिलने पीएसजीशी घरी ०-० अशी बरोबरी केली आणि पॅरिसमध्ये १-० असा विजय मिळवला. मोनॅकोला घरी २-१ ने हरवून त्यांच्या मैदानावर ०-० अशी बरोबरी साधली. लिआँशी घरी १-१ आणि त्यांच्या मैदानावर ३-२ असा विजय. एकूण १२ गुण, पराभव एकही नाही. पीएसजी मोनॅकोकडून दोन्ही वेळा हरले, तिकडे ३-२ असे आणि घरी २-० असे. लिआँकडून घरी १-० ने हरून परतीच्या सामन्यात ४-२ असे जिंकले. आणि लिलकडून त्यांना एकच गुण मिळाला. म्हणजे १८ पैकी ४. या चौघांचीच स्वतंत्र तालिका केली तर लिल १२, लिआँ १०, मोनॅको ७ आणि पीएसजी ४, असा क्रम लागतो. देशातील सर्वांत महागडा संघ या तालिकेत तळाशी बसतो.

आता उरलेले ३२ सामने घ्या. त्यांत पीएसजीचे ७८ गुण आणि लिलचे ७१. दुबळ्या आणि मधल्या संघांविरुद्ध पीएसजीने सात गुणांची आघाडी कमावली, तुल्यबळ संघांविरुद्ध आठ गुणांची गमावली, आणि जो एक गुण उरला त्याने विजेता ठरला. आपण दाखवलेले २२ गोलांचे अंतर बऱ्याच अंशी या ३२ सामन्यांत तयार झालेले आहे. पराभूत संघावर चौथा आणि पाचवा गोल चढवल्याने गोलफरक फुगतो, गुण तेवढेच राहतात.

विजयाला दोनच गुण देण्याची जुनी पद्धत असती तर काय झाले असते, हेही मांडून पाहिले. लिलचे ५९ आणि पीएसजीचे ५६ झाले असते. म्हणजे विजयांना जास्त मोल देणाऱ्या तीन गुणांच्या नियमाने पीएसजीला उलट मदतच केली आणि तरीही ते मागे राहिले.

शिट्टी

गोलफरक यांची मांडणी देखणी आहे, पण तिच्यात एक पळवाट आहे असे मला वाटते. दिजाँविरुद्ध मिळवलेले तीन गुण आणि लिआँविरुद्ध मिळवलेले तीन गुण तालिकेत सारखेच मोजले जातात. आपल्याला सोयीचे सहा सामने वेगळे काढले की कोणत्याही विजेत्याची कथा हवी तशी रंगवता येते. हेच उलट बाजूने पाहावे. लिलचे तीन पराभव कोणाकडून झाले? ब्रेस्टकडून ३-२, आँजेकडून घरच्या मैदानावर २-१, आणि नीमकडून, तेही घरच्याच मैदानावर, २-१. यांतील नीम हंगामाअखेर खालच्या श्रेणीत ढकलले गेले आणि ब्रेस्ट थोडक्यात बचावले. अशा संघांकडून हरणाऱ्याला मोठ्या सामन्यांचा बादशहा म्हणायचे असेल तर म्हणावे, पण हे दोन्ही हिशेब एकाच वहीत असावेत.

दुसरा मुद्दा उपकाराचा. मोनॅकोने पीएसजीकडून सहाच्या सहा गुण काढून घेतले. ते काढले नसते तर लिलच्या त्या १२ गुणांचे कौतुक करायला आज कोणी उरले नसते. दोघांमधील थेट सामने सोडले, तर पीएसजीचे नुकसान इतरांनीच केले आहे, आणि ३८ सामन्यांच्या शर्यतीत ते नेहमीच असे असते. म्हणून ‘पीएसजीने घालवले’ हे म्हणणे मी सर्वस्वी खोडून काढणार नाही.

मात्र ते कशामुळे घालवले, याविषयी आपल्या मित्रमंडळींचे निदान मला पटत नाही. हंगामाच्या शेवटी दम तुटला, हे तर तारखांवर टिकतच नाही. ३ एप्रिल २०२१ रोजी लिलने पॅरिसमध्ये विजय मिळवला, त्यानंतर दोन्ही संघांचे लीगमधील सात-सात सामने उरले होते. या काळात लिलला फक्त तेवढेच सात खेळायचे होते. युरोपा लीगमधून आयाक्सने त्यांना फेब्रुवारीतच घरी पाठवले होते आणि फ्रेंच चषकातून तर खुद्द पीएसजीने १७ मार्च रोजी ३-० ने बाहेर काढले होते. पीएसजी त्याच काळात १४ सामने खेळले: सात लीगचे, चार चॅम्पियन्स लीगचे (बायर्नशी दोन, मँचेस्टर सिटीशी दोन) आणि तीन फ्रेंच चषकाचे. बरोबर दुप्पट. आणि तरीही लीगच्या त्या सात सामन्यांत त्यांनी २१ पैकी १९ गुण मिळवले, तर ताजेतवाने असलेल्या लिलने १७. म्हणजे शेवटच्या टप्प्यात पीएसजीच जास्त वेगाने धावत होते. तूट त्याआधी पडलेली होती.

प्रशिक्षकबदलाचेही तसेच. थॉमस टुशेल यांच्या हाताखाली १७ सामन्यांत चार पराभव झाले, मॉरिसिओ पोचेटिनो यांच्या हाताखाली २१ सामन्यांत चार. नाताळच्या सुमारास टुशेल यांना निरोप दिला तेव्हा संघ तिसरा होता हे खरे, पण पहिल्या क्रमांकापासून एकाच गुणाने मागे होता. दोघांच्याही काळात पाणी एकाच ठिकाणी मुरत होते. ते ठिकाण म्हणजे त्यांचे स्वतःचे पार्क दे प्रँस. आठपैकी पाच पराभव घरच्या मैदानावर झाले: मार्सेय, लिआँ, मोनॅको, नाँत आणि लिल. हंगामाअखेर नाँत अठरावे होते.

सुरुवातीचे दोन पराभव मात्र दमणुकीच्या आणि साथीच्या खात्यावर टाकायला माझी हरकत नाही. १० सप्टेंबरला लाँसमध्ये १-० अशी हार झाली तेव्हा नेमार आणि एम्बापेसह अनेक प्रमुख खेळाडू कोरोनाच्या चाचणीत बाधित आढळल्याने संघाबाहेर होते. पुढच्या रविवारी मार्सेयविरुद्धचा सामना तर फुटबॉलपेक्षा धुमश्चक्रीसाठीच लक्षात राहिला. अखेरच्या क्षणांत पंचांनी पाच लाल कार्डे काढली, त्यांतील तीन पीएसजीच्या खेळाडूंना, आणि त्या तिघांत नेमारही होता. नेमार त्या हंगामात लीगचे १८ सामनेच खेळला. दुखापती आणि शिस्तभंग यांची ही किंमत मोठी होती, आणि तिचा दोष वेळापत्रकाला देता येत नाही.

उत्तरेचा वारा

मी त्या काळात नोकरीनिमित्त व्हिलन्व्ह-दास्क येथे राहत होते. लिलचे पिएर-मोरुआ स्टेडियम याच उपनगरात आहे, त्यामुळे माझे मत थोडे झुकलेले असणार हे आधीच सांगते. वरील दोन्ही प्रतिसादांत पीएसजीविषयी जितके लिहिले गेले तितके लिलविषयी नाही, म्हणून हा प्रपंच.

लिलने ३८ सामन्यांत २३ गोल स्वीकारले आणि लीगमध्ये कोणीही याहून कमी स्वीकारले नाहीत. गोलरक्षक माईक मेन्यां २१ सामन्यांत एकही गोल न देता मैदानाबाहेर आला. त्याच्या पुढे मध्यभागी दोघे जण उभे असायचे: ३७ वर्षांचा पोर्तुगीज कर्णधार जोसे फोंत आणि आयाक्सकडून नुकताच आलेला, हंगाम सुरू झाला तेव्हा २० वर्षांचा असलेला डच बचावपटू स्वेन बोटमन. एकाचे पाय मंदावले होते पण चेंडू कुठे पडणार हे त्याला आधी समजे. दुसऱ्याकडे उंची होती, पाय होते आणि बाजूला सतत बोलणारा माणूस होता. प्रशिक्षक ख्रिस्तोफ गाल्तिए यांची रचना साधी, ४-४-२ अशी, म्हणजे मागे चार, मध्ये चार आणि पुढे दोन. मध्यभागी बेंजामां आंद्रे आणि बुबाकारी सुमारे चेंडू हिसकावून घेत, रेनातो सांचेस तो घेऊन पुढे पळे. दिसायला डोळे दिपवणारे काही नाही. पण या संघाविरुद्ध पहिला गोल करणे म्हणजे नाकी नऊ येणे, हे लीगमधील प्रत्येकाला ऑक्टोबरपर्यंत कळून चुकले होते.

शिट्टी यांनी घरच्या पराभवांचा उल्लेख केला आहे. त्याला माझी एक जोड. प्रेक्षकांना ऑक्टोबरच्या अखेरीपासून मैदानात प्रवेशच नव्हता, त्याआधीही मोजक्यांनाच होता. रिकाम्या खुर्च्यांसमोर घर आणि बाहेर यांतला फरकच पुसला गेला. लिलने घरी १० विजय, ७ बरोबऱ्या आणि २ पराभव असे ३७ गुण मिळवले. बाहेर १४ विजय, ४ बरोबऱ्या आणि फक्त एक पराभव असे ४६. जेतेपद त्यांनी परक्या गावांत कमावले असे म्हटले तरी चालेल. जागा सोडून, वाट पाहून, चेंडू सुटला की झडप घालणारा संघ होता तो. घरी प्रतिस्पर्धी अकरा जण मागे खेचून बसले की त्यांची मात्रा चालत नसे. ब्रेस्ट, स्ट्रासबुर, माँपेलिए, सेंट-एतिएन हे सगळे येथून एकेक गुण घेऊन गेले. म्हणून आँजे आणि नीम यांच्याकडून झालेल्या पराभवांत मला विसंगती दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट. ‘घालवले’ म्हणणाऱ्यांनी २५ एप्रिलचा लिआँमधला सामना पुन्हा पाहावा अशी माझी विनंती आहे. आदल्या दिवशी पीएसजी मेट्झमध्ये ३-१ ने जिंकून ७२ गुणांवर गेले होते, लिल ७० वर होते. विसाव्या मिनिटाला इस्लाम स्लिमानीने लिआँचा पहिला गोल केला. पस्तिसाव्या मिनिटाला फोंतचा स्वयंगोल. २-० अशी पिछाडी, समोर लिआँसारखा आक्रमक संघ, आणि हातातोंडाशी आलेला घास निसटलेला. मध्यंतराच्या तोंडावर फ्री किक मिळाली आणि बुराक यिल्माझने ती थेट जाळीत घातली. साठाव्या मिनिटाला जोनाथन डेव्हिडने बरोबरी साधली. पंच्याऐंशीव्या मिनिटाला डेव्हिडने चेंडू पुढे दिला आणि पुन्हा यिल्माझ: गोलरक्षक पुढे येताना दिसताच त्याने चेंडू हलकेच वरून टाकला. लिल ७३. हंगामाच्या ३४ व्या फेरीत दोन गोलांची पिछाडी भरून काढणाऱ्या संघाला जेतेपद आयते मिळाले, असे म्हणणे मला तरी जमणार नाही.

हा यिल्माझ म्हणजे या कथेतील सर्वांत विलक्षण माणूस. ऑगस्ट २०२० मध्ये तो बेसिकतासहून एकही युरो न मोजता आला, तेव्हा त्याने पस्तिशी ओलांडली होती. उतारवयात फ्रान्समध्ये चार पैसे कमवायला आला आहे, असेच येथे बहुतेकांना वाटले. त्याने लीगमध्ये १६ गोल केले. शेजारी आणि हाडवैरी असलेल्या लाँसविरुद्धचा ७ मे रोजीचा सामना लिलने ३-० ने जिंकला. त्यात त्याचे दोन गोल होते, आणि दुसरा तर दुरून, डोळे फाटावेत असा. दोन दिवसांनी पीएसजीने रेन येथे १-१ अशी बरोबरी केली आणि आघाडी तीन गुणांची झाली.

पुढच्या आठवड्यात लिलने सेंट-एतिएनशी घरी ०-० अशी बरोबरी करून ती पुन्हा एका गुणावर आणली. त्या रात्री शेजारच्या इमारतीतून आलेले उद्गार येथे लिहिण्याजोगे नाहीत. अखेरचा सामना २३ मे रोजी आँजेमध्ये होता, म्हणजे ज्या संघाने जानेवारीत लिलला लिलमध्येच हरवले होते त्याच्या मैदानावर. दहाव्या मिनिटाला सांचेसच्या पासवर डेव्हिडचा गोल, मध्यंतराच्या तोंडावर डेव्हिडला गोलरक्षकाने पाडल्यावर यिल्माझची पेनल्टी, आणि अखेरच्या जादा मिनिटांत आँजेचा एक गोल. तिकडे ब्रेस्टमध्ये पीएसजी २-० ने जिंकले, नेमारची एक पेनल्टी वाया जाऊनही. त्या निकालाचा आता काहीच उपयोग नव्हता. फ्रान्समध्ये तेव्हा रात्री नऊपासून संचारबंदी होती आणि सामना नऊ वाजताच सुरू झालेला. तरीही नंतर लिलच्या ग्राँ-प्लास या मुख्य चौकात शेकडो लोक जमले. मी गेले नाही, नियम पाळले. आजही थोडी हळहळ आहे.

जमाखर्च

वरील चर्चेत पैशाचा विषय अजून निघाला नाही याचे आश्चर्य वाटले, कारण या हंगामाची खरी नवलाई मला त्यातच दिसते.

त्या वर्षीपासून प्रक्षेपणाचे बहुतांश हक्क मीडियाप्रो या कंपनीने घेतले होते आणि त्यासाठी वर्षाला ८० कोटी युरोंहून अधिक रक्कम देण्याचे कबूल केले होते. क्लबांनी त्या आकड्यावर विसंबून अंदाजपत्रके आखली, करार केले. ऑक्टोबर २०२० मध्ये हप्ता चुकला, डिसेंबरमध्ये करार मोडीत निघाला, आणि उरलेला हंगाम दाखवायला लीगला पुन्हा कॅनाल प्लस या फ्रेंच वाहिनीच्या दारात जावे लागले. दरम्यान मैदाने बंद असल्याने तिकिटांचे उत्पन्न शून्य. पुढच्या हंगामासाठी ८० टक्के सामने ॲमेझॉनने वर्षाला सुमारे २५ कोटी युरोंत घेतले, यावरून आधीचा आकडा किती हवेत होता हे कळावे.

या पडझडीत लिल सर्वांत नाजूक अवस्थेत होते. जेरार लोपेझ यांनी २०१७ च्या सुरुवातीला क्लब घेतला तो मोठ्या कर्जाच्या बळावर. पहिलाच प्रयोग, प्रशिक्षक म्हणून मार्सेलो बिएल्सा यांना आणण्याचा, काही महिन्यांत फसला; २०१७-१८ मध्ये संघ सतरावा आला आणि पदावनतीतून कसाबसा सुटला. गाल्तिए त्याच मोसमात डिसेंबरअखेर आले. त्यानंतरचा धंदा उघड होता: लुईस काम्पोस यांनी हेरलेले तरुण खेळाडू स्वस्तात घ्यायचे, दोन वर्षे खेळवायचे आणि मोठ्या किमतीला विकायचे. २०१९ मध्ये निकोला पेपे आर्सेनलला गेला, २०२० मध्ये विक्टर ओसिम्हेन नापोलीला आणि बचावातील गाब्रिएल पुन्हा आर्सेनलला. सलग दोन उन्हाळ्यांत आपला प्रमुख गोल करणारा खेळाडू विकणारा हा संघ पुढच्या मे महिन्यात विजेता होतो. त्यात भर म्हणजे आदल्या वर्षी साथीमुळे हंगाम दहा फेऱ्या बाकी असतानाच थांबवला गेला, तेव्हा लिल ४९ गुणांसह चौथे होते आणि तिसऱ्या रेनचे ५० होते. त्या एका गुणाने चॅम्पियन्स लीगचे उत्पन्नही बुडाले.

आणि मग डिसेंबर २०२०. संघ अव्वल क्रमांकासाठी झगडत असतानाच कर्जदात्यांच्या दबावाखाली लोपेझ यांना क्लब विकावा लागला. नवे मालक आले, ओलिव्हिए लेतां अध्यक्ष झाले, काम्पोस बाहेर पडले. मालक, अध्यक्ष आणि खेळाडू निवडणारा माणूस हे तिघेही ऐन हंगामात बदलले आणि ड्रेसिंग रूमपर्यंत त्याची झळ पोहोचली नाही, याचे श्रेय मी गाल्तिए आणि फोंत यांना देतो. ‘पीएसजीला मध्येच प्रशिक्षक बदलावा लागला’ ही सबब ऐकली की मला म्हणूनच हसू येते.

मूळ प्रश्नाला धरून माझे मत: पीएसजीचे ८२ गुण हे काही घालवलेल्या हंगामाचे गुण नव्हेत. २०१२ मध्ये माँपेलिए याच ८२ गुणांवर विजेते झाले होते. तेव्हा दुसरे कोण आले होते, हे वेगळे सांगायला नको.

जेतेपदानंतर दोनच दिवसांत गाल्तिए यांनी क्लब सोडला आणि ते नीसला गेले. मेन्यां मिलानला, सुमारे लेस्टरला. विजेते पुढच्या हंगामात दहावे आले. २०२२ च्या उन्हाळ्यात काम्पोस आणि गाल्तिए दोघेही पीएसजीत दाखल झाले. ज्यांनी हरवले त्यांनाच पगारावर ठेवणे, हा पॅरिसचा जुना खाक्या आहे.

मधली फळी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेवटच्या टप्प्यात पीएसजीनेच जास्त गुण मिळवले होते, ही माहिती मला पूर्णपणे नवी आहे आणि मित्रांशी पुढचा वाद घालताना ती कामी येईल. गोलफरक आणि शिट्टी यांच्यातील मतभेदात मी अजून कुंपणावर आहे. दोघांमधील दोन सामन्यांत लिलने चार गुण घेतले आणि पीएसजीला एकच दिला, एवढा भाग मात्र कोणत्याही वहीत तसाच राहील असे दिसते.

एक उपप्रश्न विचारून थांबतो. समजा दोघांचे गुण समान झाले असते, तर याच दोन सामन्यांच्या आधारे लिल वरचढ ठरले असते का? स्पेनमध्ये तसा नियम आहे असे वाचले होते.

गोलफरक

नाही. स्पेनमध्ये समान गुण असता आधी आपसातील सामने पाहिले जातात. फ्रान्समध्ये आधी एकूण गोलफरक पाहिला जातो, आणि तेथे पीएसजी १७ ने पुढे होते. त्याची झलक त्याच हंगामात दिसली होती. २१ मार्च रोजी लिल घरी नीमकडून हरले आणि त्याच रात्री पीएसजी लिआँमध्ये ४-२ ने जिंकले, तेव्हा दोघांचे ६३ गुण झाले आणि पीएसजी अव्वल स्थानी गेले. म्हणूनच अखेरच्या दिवशी ८० विरुद्ध ७९ अशी स्थिती असताना लिलपुढे पर्याय फारसे नव्हते. आँजेमध्ये बरोबरी झाली असती आणि पीएसजी ब्रेस्टमध्ये जिंकले असते, तर ८२ विरुद्ध ८१ असा निकाल लागला असता. आणि लिल हरले असते, तर पीएसजीला ब्रेस्टमध्ये नुसती बरोबरीही पुरली असती.